भाजणीतली पाखरं

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका रात्री पाणी प्यायला उठले, स्वयंपाकघरातला दिवा लावला आणि ट्यूबलाइटभोवती एक पाखरू फिरताना दिसलं. बोटाच्या पेराहून लहान, राखाडी, अगदी सामान्य. मस्कतमध्ये जूनमध्ये खिडक्या उघडायचा प्रश्नच नसतो, एसी चोवीस तास चालू. मग हे आलं कुठून? टॉवेलने हाकललं तर वेडंवाकडं उडत फ्रिजच्या मागे गेलं. दुसऱ्या दिवशी दोन होती. तिसऱ्या दिवशी आमचे हे चहा पिता पिता म्हणाले, "अगं, त्या वरच्या कप्प्यात बघ एकदा."

मी बघितलं नाही. वरच्या कप्प्यात काय आहे ते मला माहीत होतं.

आईची भाजणी होती. गेल्या वर्षी कराडहून येताना दोन डबे आणले होते. आई आता एक्याऐंशीची आहे. आणल्यानंतर दोनच महिन्यांनी तिने गॅसवर कढई ठेवली आणि अंगणात जाऊन बसली, विसरलीच. वहिनी वेळेवर पोचली म्हणून निभावलं. तेव्हापासून दादाने तिला स्वयंपाकघरात एकटं सोडणं बंद केलं. म्हणजे मी आणलेली भाजणी ही तिच्या हातची शेवटची, हे मला मस्कतमध्ये बसून कळलं. तोवर एक डबा अर्धा संपला होता. त्यानंतर मी दोन्ही डब्यांना हात लावला नाही. थालीपीठ खावंसं वाटलं तर दुकानातलं पाकीट आणायचं, वरचा कप्पा तसाच ठेवायचा. लेक एकदा म्हणाली, "आई, भाजणी काय म्युझियममध्ये ठेवायची असते का?" मी तिला रागावले.

पाखरांना म्युझियम वगैरे कळत नाही. चौथ्या दिवशी कप्पा उघडला तेव्हा आतून पाच-सहा भुर्रकन तोंडावर आली. अर्ध्या डब्याचं झाकण उघडलं तर पिठावर कोळ्याच्या जाळ्यासारखा पांढरा पडदा, त्यात पिठाचे गोळे अडकलेले आणि गोळ्यांतून वळवळणाऱ्या अळ्या. आमच्याकडे याला 'पिठाला जाळी लागली' म्हणतात. लहानपणी हे शेकडो वेळा पाहिलंय, किळसही वाटत नाही. पण त्या दिवशी मी डबा ओट्यावर ठेवला, खुर्ची ओढली आणि रडले. ऑफिसला उशीर झाला.

राग कुणावर तरी काढायचा असतो. मी दादाला फोन केला आणि म्हटलं की तुमच्याकडच्या धान्यातूनच आली ही, वहिनीने डबे नीट वाळवले नसणार. दादा शांत माणूस, "असेल बाई" म्हणून गप्प बसला. यांचंही तेच मत, "कराडची पाखरं, विमानाने आली." ऑफिसातली माझी ओमानी मैत्रीण मात्र ऐकून हसली आणि म्हणाली, "कप्प्यात शेजारी काय ठेवलं होतंस?" शेजारी खजूर होते. तिच्याच आजोबांनी बिदियाहून पाठवलेले, खलासचे, दोन किलो, कागदी खोक्यात. "मग ती आमची आहेत," ती म्हणाली, जणू हरवलेली शेळी सापडली.

भांडण सोडवायला मी एका ओळखीच्या मराठी गृहस्थांना फोटो पाठवले. ते शेतकी कॉलेजात कीटकशास्त्र शिकलेले, इथे शेतीच्या औषधांच्या व्यवसायात आहेत. त्यांनी आधी मलाच कामाला लावलं. "भिंग आहे का? पाखरू ग्लासाखाली पकडा, ग्लास दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, सुस्त होईल. मग पंख बघून सांगा." लेकीच्या शाळेच्या सामानातून भिंग काढलं आणि आम्ही मायलेकी ओट्याशी उभ्या राहिलो.

भिंगाखाली ते सामान्य राहिलं नाही. बसलेलं असताना जेमतेम एक सेंटिमीटर. पंख अंगाभोवती उतरत्या छपरासारखे मिटलेले. पुढच्या पंखांचा रंग राखाडी आणि तपकिरी यांच्या मधला, जुन्या घोंगडीसारखा. त्यावर एक फिकट आडवी रेघ आणि रेघेला लागून गडद पट्टा. पंख थोडा उचलला तर मागचा पंख मळकट पांढरा आणि कडेला बारीक झालर. बोटाला लागलेली भुकटी म्हणजे पंखांवरचे खवले. लेक म्हणाली, "आजीच्या इरकल्यासारखं आहे, काठ बारीक." मला ते सुचलं नसतं.

मग त्यांनी फोनवर समजावलं. स्वयंपाकघरातल्या कोरड्या जिनसांत मुख्यतः दोन पाखरं सापडतात. एकाचे पंख दोन रंगांचे, मुळाशी फिकट आणि पुढे तांब्यासारखे. त्याला इंग्रजीत 'इंडियन मील मॉथ' म्हणतात. मी लगेच म्हटलं, बघा, म्हणजे भारतातलंच. ते हसले. त्यातला 'इंडियन' आपण नव्हे. अमेरिकेत मक्याच्या पिठाला पूर्वी 'इंडियन मील' म्हणायचे, तिथल्या मूळ रहिवाशांचं धान्य म्हणून. त्या पिठात सापडलं म्हणून हे नाव. आपला काही संबंध नाही, उगाच बदनामी.

माझ्या ग्लासातलं दुसरं. उष्ण कटिबंधातल्या गोदामांचं पाखरू, शास्त्रीय नाव 'काड्रा कॉटेला', जुन्या पुस्तकांत 'एफेस्टिया कॉटेला'. फ्रान्सिस वॉकर नावाच्या इंग्रज कीटकतज्ज्ञाने १८६३ मध्ये श्रीलंकेतल्या नमुन्यावरून त्याचं पहिलं वर्णन केलं. हा वॉकर ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहातल्या किड्यांच्या याद्या करायचा आणि त्याने हजारो जातींना नावं दिली. पण श्रीलंकेत पहिल्यांदा नाव मिळालं म्हणून ते श्रीलंकेचं असं नाही. धान्य, शेंगदाणे, कोको, बदाम, सुकामेवा, खजूर यांच्या पोत्यांतून बोटीत बसून ते सगळीकडे गेलं. कडाक्याची थंडी त्याला सोसत नाही, त्यामुळे थंड देशात ते ऊब असलेल्या गोदामात राहतं. ओमान, सौदी, इराक इकडे मात्र साठवलेल्या खजुराचा मोठा शत्रू म्हणून त्याची ख्याती आहे. "पण शंभर टक्के सांगायचं," ते म्हणाले, "तर नर मारून पोटाचं टोक सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. त्याच्यासारखी दिसणारी भावंडं आहेत. नुसत्या पंखावर जाऊ नका."

"आणि ते आलं कुठून? कराडहून की बिदियाहून?"

"ते पंखावर लिहिलेलं नसतं, ताई. दोन्हीकडे हेच पाखरू आहे."

एक गोष्ट मला नवी होती. उडणारं पाखरू आपलं पीठ खात नाही. आठ-दहा दिवसांचं, फार तर दोन आठवड्यांचं त्याचं आयुष्य, त्यात जोडीदार शोधायचा आणि अंडी घालायची. मादी पोटाचं टोक वर करून बसते आणि एक गंध सोडते, नर त्या गंधाच्या मागावर येतो. एक मादी दोनशेच्या वर अंडी घालू शकते. खाणारी ती अळी, मळकट पांढरी, अंगावर बारीक काळे ठिपके. ती खाता खाता तोंडातून रेशीम सोडते, तीच आपली 'जाळी'. पोट भरलं की पीठ सोडून भिंतीवर, कप्प्याच्या कोपऱ्यात, झाकणाच्या आट्यांत चढते आणि कोष करते. उन्हाळ्यात अंड्यापासून पाखरापर्यंत साधारण महिना. म्हणजे मी डबा न उघडता जपून ठेवला त्या वर्षभरात आत पिढ्यान् पिढ्या नांदल्या असणार. रोज थालीपीठं लावली असती तर पाखरांना जागाच राहिली नसती. लेकीने हे बोलून दाखवलं नाही, नुसतं बघितलं.

संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉल लावला. आमच्या साडेसातला तिकडे नऊ वाजतात, ती जेवून पलंगावर बसलेली असते. हल्ली कधी मला ओळखते, कधी मावशीच्या नावाने हाक मारते. त्या दिवशी मावशीचा दिवस होता. मी काही न बोलता फोन डब्यावर धरला. ती डोळे बारीक करून बघत राहिली आणि एकदम तिचा जुना, ठणठणीत आवाज आला.

"पाखरं झालीत होय? चाळून घे. बारीक चाळणीने. वर राहील ते कोंबड्यांना घाल. खाली पडेल त्याला दोन दिवस ऊन दाखव आणि परत एकदा मंद भाज. वास सुटला की उतरव."

"आई, इथे कोंबड्या नाहीत."

"कोंबड्या नाहीत? मग राहतेस कुठे तू?"

दादा मागून म्हणाला, "आई, ती मस्कतला असते." आई म्हणाली, "असू दे की." आणि मग मला म्हणाली, "डबा काठोकाठ भरायचा असतो गं. अर्धा ठेवलास, वारा शिरला."

अर्धा डबा फेकावाच लागला. त्यात भाजणीपेक्षा जाळी आणि अळ्यांची घाणच जास्त होती, ते खाऊ नये हे कळत होतं. खालच्या कुत्र्यामांजरांना घालायचंही धाडस झालं नाही. दुसरा डबा भरलेला होता, त्यात वरच्या दोन बोटांच्या थरापुरतीच जाळी होती. नुकत्याच फुटलेल्या अळीला शिरायला झाकणाची केसाएवढी फट पुरते म्हणे आणि पातळ प्लॅस्टिकची पिशवी तर त्या कुरतडूनही जातात. मी वरचा थर काढून टाकला, बाकीचं चाळलं. खाली स्वच्छ भाजणी राहिली. मोजली तर सव्वा किलो.

ऊन दाखवायला मस्कतइतकं चांगलं गाव नाही. इथून तासाभरावर कुरियात आहे. तिथे २६ जून २०१८ ला दिवसभराचं सगळ्यात कमी तापमान ४२.६ अंश होतं. सगळ्यात कमी, म्हणजे रात्रीसुद्धा त्याच्या खाली उतरलं नाही. गच्चीवर स्टीलच्या परातीत भाजणी पसरली, वर पातळ सुती कापड बांधलं. दुपारी परातीला हात लावला तर चटका बसला. अंडं, अळी, काही राहिलं असेल तर त्या उन्हात शिजलंच. कीटकवाल्या गृहस्थांचा आधुनिक उपाय वेगळा होता, हवाबंद करून चार-पाच दिवस डीप फ्रीजरमध्ये. मी दोन्ही केलं. आईचंही मोडायचं नव्हतं आणि शास्त्राचंही.

जुलैमध्ये मैत्रिणीने आम्हाला बिदियाला नेलं. म्हणाली, तुझ्या पाखरांचं माहेर बघ. ओमानमध्ये खजुराची सत्तर लाखांहून जास्त झाडं आणि अडीचशेच्या आसपास जाती आहेत. त्यातली मबसली नावाची जात शर्किया भागात होते, आणि जुलै म्हणजे तिच्या 'तबसील'चा हंगाम. पिवळी, अजून टणक असलेली फळं झाडावरून उतरवायची, मोठमोठ्या तांब्याच्या कायलीत पाण्यात उकळायची आणि मोकळ्या जागेवर पसरून उन्हात कित्येक दिवस वाळवायची. पहाटे पोचलो तेव्हा कायली उकळत होत्या, गोड तुरट वाफ अंगावर येत होती आणि पोरं दोरीवर गोणी ओढत होती. पसरलेलं पिवळं शेत उन्हं वर येईल तसं विटकरी होत जातं.

आजोबांनी एका जुन्या पोत्यातून वाळलेली मूठभर काढून माझ्या हातावर ठेवली. मी बघतच राहिले. खारीक! आपली, डिंकाच्या लाडवातली, बाळंतिणीच्या डब्यातली खारीक. "हिंद," आजोबा बोट पूर्वेला करून म्हणाले. ही उकळून वाळवलेली फळं ओमानमध्ये फार कुणी खात नाही, पिढ्यान् पिढ्या ती भारतात जाते. पूर्वी सूरच्या गलबतांतून जायची. भारतात येणारी सगळी खारीक इथली नव्हे, पाकिस्तानातूनही भरपूर यायची. पण माझ्या बाळंतपणात आईने खलबत्त्यात कुटलेली खारीक या वाळूतली असू शकते, हे मला वीस वर्षं या देशात राहून माहीत नव्हतं. मी इथे यायच्या कितीतरी आधीपासून बिदिया आमच्या घरी येत होतं.

पाखरांविषयी विचारलं तर आजोबांनी आधी झाडाकडे बोट केलं. झाडावर एक वेगळं, याहूनही लहान पाखरू येतं, त्याला 'हुमैरा' म्हणतात, म्हणजे लालसर. त्याची अळी कोवळ्या फळात शिरते आणि फळ लालसर होऊन गळतं. ते झाडाचं दुखणं. आणि साठवणीचं दुखणं म्हणजे माझ्या कप्प्यातलं. उकळताना अंडी मरतात, पण वाळत पडलेल्या आणि नंतर पोत्यात भरलेल्या फळांवर पाखरू पुन्हा येतंच. म्हणून ओमानी म्हातारी माणसं खजूर तोंडात टाकत नाहीत, आधी बोटाने उकलतात, आत बघतात आणि मग खातात. आजोबा आमच्याशी बोलता बोलता तेच करत होते, न बघता, सवयीने. आपण भेंडी चिरताना करतो तसं.

जुना उपाय काय, असं विचारल्यावर त्यांनी दोन्ही तळहात एकमेकांवर दाबले. खजूर झाडाच्या पानांच्या पिशव्यांत ठासून भरायचे आणि पिशव्या एकावर एक रचायच्या. खालच्या पिशव्यांतून पाक गळतो, तो जमिनीतल्या नाल्यांतून मडक्यात येतो. जेब्रीनच्या किल्ल्यात अशी खोली आहे, आम्ही पूर्वी मुलांना घेऊन गेलो होतो. तेव्हा गाइडने गरम पाक शत्रूवर ओतायचे हे सांगितलं आणि मुलं त्यातच रमली होती. इतकं ठासून भरलं की आत हवा राहत नाही, पाखराला अंडी घालायला जागा राहत नाही. काठोकाठ भर, वारा शिरता कामा नये. मी मैत्रिणीला म्हटलं, माझ्या आईनेही हेच सांगितलंय. तिने ते आजोबांना अरबीत सांगितलं. त्यांनी विचारलं, "तिच्याकडे किती झाडं आहेत?" मैत्रिणीने परस्पर उत्तर देऊन टाकलं, पुष्कळ आहेत म्हणून.

परत आल्यावर मी भाजणी काढली आणि थालीपीठं लावायला सुरुवात केली. आठवड्याला दोनदा. शेजारच्या गुजराती वहिनींना दिली, मैत्रिणीला दिली, मंडळाच्या आषाढी एकादशीनंतरच्या बारशीला नेली. सव्वा किलो संपायला दीड महिना लागला. शेवटच्या दिवशी डबा पालथा घालून झटकला, गरम पाण्याने धुतला, आट्यांत दाताच्या ब्रशने घासलं. कोपऱ्यात एक रिकामा कोष चिकटलेला होता, रेशमाचा, पीठ लागून पांढरा झालेला. तो काढून टाकला.

दरम्यान आईकडून प्रमाण लिहून घ्यायचा उद्योग चालला होता. तीन वेळा विचारलं, तीन वेळा वेगळं. पहिल्यांदा ज्वारी चार वाट्या, बाजरी दोन, हरभऱ्याची डाळ दोन, तांदूळ एक, उडीद एक. दुसऱ्यांदा म्हणाली, तांदूळ कशाला, गहू घालायचे. तिसऱ्यांदा मूठभर मेथ्या सांगितल्या आणि लगेच, "नाही गं, मेथ्या नकोत, ते लाडवाचं." धने-जिरे मात्र तिन्ही वेळा "वासाला पुरतील एवढे." दादा म्हणाला, एक काहीतरी धर आणि कर. मी तिन्ही नोंदी वहीत तशाच ठेवल्या आणि पहिली धरून ऑगस्टमध्ये स्वतः भाजणी भाजली. एकेक धान्य वेगळं, मंद आचेवर, दोन तास. एसी बंद करून, कारण आचेला वारा लागतो. गिरणी इथे नाही, मिक्सरवर दळली, थोडी जाड राहिली. डब्यात काठोकाठ भरून आधी फ्रीजरमध्ये टाकली.

गणपतीला दोन आठवड्यांची सुट्टी काढून कराडला गेले. आईने दारात मला माझ्या नावाने हाक मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझी भाजणी भिजवली, कांदा-कोथिंबीर घातली, तव्यावर लावली, भोकांत तेल सोडलं. आई शेजारी पाटावर बसून होती. वहिनीने तिला एक तुकडा लोण्याबरोबर दिला.

"ही कुणी भाजली?"

"मी, आई."

तिने सावकाश चावला, दुसरा तुकडा घेतला.

"उडीद जास्त झालेत."

मी पर्समधून वही काढली आणि चौथी नोंद केली: उडीद पाऊण वाटी.